मोटारीला वाट

मोटारीचा भोंगा ऐकू आला तसा खेमानं कासरा ओढला. छकडा रस्त्याखाली उतरला आणि आत आशा कळवळली.

"बा, हळू," संतराम म्हणाला.

आशा त्याची बायको. कालपासून तिला कळा येत होत्या, लेकरू येत नव्हतं. त्यांच्या नर्सी गावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा सकाळी खेमानं सुनेसाठी छकडा जुंपला. हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत अजून निम्मी वाट बाकी होती.

समोरून, हिंगोलीकडून धुरळा उठत येत होता. या रस्त्याला मोटार अशी एकच, जमीनदाराची. ती चालवणारा प्रेमसिंग कुणासाठी वेग कमी करत नसे. मागच्या साली खेमाचा धाकटा भाऊ तातेराव त्याच्यापुढं गाडी घालून उभा राहिला होता. वाट सगळ्यांची आहे, म्हणाला. बैलाचा पाय मोडला, आणि ठाण्यात मार खाल्ला तो तातेरावनंच. अजून तो धड चालत नाही.

तेव्हापासून भोंगा वाजला की खेमा गाडी खाली घेई, उतरून बैलांच्या वेसणी धरी, मान खाली घाली. शिवी आली तर ऐकलीच नाही असं समजे. गावातल्या तरण्या पोरांनाही तो हेच शिकवी. नर्सीच्या एकाही बैलाला मग खरचटलं नव्हतं.

संतरामनं खाली उडी मारली आणि तो रस्त्याकडं निघाला.

"काय करून राहिला?" खेमा ओरडला.

"मोटार थांबवतो. हात जोडतो. मागं फिरवा म्हणतो. घटकाभरात हिंगोलीत पोचू."

"तो थांबत न्हाई."

"बाई अडली म्हणल्यावर थांबंल."

"तुह्या काकासाठी थांबला व्हता?" खेमानं त्याचं मनगट धरलं. "तुला काई झालं तर तिला कोन नेईल? बैल बुजले तर छकडा पालथा व्हईल. तिच्यासाठीच सांगतो, शांत र्‍हा."

आतून खेमाची बायको भिकाबाई म्हणाली, "जाऊ द्या की त्याला. पोरगी लई थकली."

"तू पडदा ओढून घे. धूळ येईल आत."

संतरामला हात सोडवून घेता आला असता. त्यानं एकदा हिसडा दिला, मग तो तसाच उभा राहिला.

मोटार आली. भोंगा सारखा वाजत होता. आशा किंचाळली, ते त्या आवाजात बुडून गेलं. बैलांनी माना झटकल्या. खेमानं एका हातानं वेसणी आवळल्या, दुसर्‍या हातानं संतरामला धरून ठेवलं. प्रेमसिंगची शिवी धुरळ्यातून आली. खेमानं मान वर केली नाही.

मग सगळं निवळलं.

"पाह्यलं?" खेमा म्हणाला. "झालं का काई?"

चाक भुसभुशीत मातीत रुतलं होतं, त्याला संतरामनं खांदा लावला. छकडा वर यायला बराच वेळ गेला.

दवाखान्याशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आशाच्या कळा थांबल्या होत्या. भिकाबाई तिचे गार पडलेले तळपाय चोळत होती आणि तिला हाका मारत होती. संतरामनं बायकोला उचललं. खेमा पुढं धावला.

"डॉक्टरसायबाला बोलवा. बाई अडली."

"डॉक्टरसाब न्हाईत," दारातला कंपाउंडर म्हणाला. "सकाळीच मोटारनं गेले."

"मंग आता कुठं हुडकावं त्यायला?"

"आता तर ते परगावी हाईत. त्यायला तिथं सोडून मोटार पुढं जाणार व्हती, सांजच्याला घेऊन येणार. तिकडचा एक बांगडीवाला पहाटं सायकल हाणत आला, एक पोरगी अडली म्हनला. डॉक्टरसाबनं जमीनदाराला गळ घालून मोटार मागितली. प्रेमसिंगला बजावलं, वाटंत कुठंच थांबायचं न्हाई."

संतरामच्या हातावर आशाची मान कलंडली होती. कंपाउंडरनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला.

"नर्सीला गेले. कोन्या खेमाच्या सुनंसाठी."