हसेल त्याचा चहा

रविवारी सकाळी अण्णांनी रेडिओ लावला. चार पाहुणे एकमेकांना थापा मारायचे आणि जो हसेल तो बाद, असा तो वर्षानुवर्षं चाललेला खेळ. घरातही तोच नियम होता: आधी हसेल त्याने चहा करायचा. दर वेळी अण्णाच हरायचे. "माझे गुडघे दुखतात म्हणून मुद्दाम हसता तुम्ही," बायको म्हणायची.

ती गेल्यानंतरचा हा पहिला रविवार. "आमची म्हैस पेपर वाचल्याशिवाय दूध देत नाही," रेडिओवरचा एक पाहुणा म्हणाला. स्टुडिओतल्या प्रेक्षकांत हशा पिकला. अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

खेळ संपला तशी सून बाहेर आली. "अण्णा, चहा टाकू?"

"नको गं," ते म्हणाले. "आज मी हसलोच नाही. चहा तिने करायचा."