पाच नट आणि एक परवाना

“त्या पान्यावर उभा राहू नकोस,” दुफीमावशी म्हणाल्या. “पाना आहे तो, पायरी नाही.”

आमोआको खाली उतरला. त्याचा टाय घामानं गळ्याला चिकटला होता. सुआमेच्या चौकाअलीकडे, भर दुपारी, गाडी जॅकवर तिरकी उभी होती. फुटलेल्या टायरवर मावशी ऐसपैस बसल्या होत्या. टायर कसा फुटला, हा विषय दोघांनीही काढला नव्हता.

परीक्षा अर्ध्यावर थांबली होती. तीन वेळा हुकलेला गाडीचा परवाना आज चौथ्यांदा पणाला लागला होता. साठी उलटलेल्या बाईनं गुडघे टेकायचे आणि तरण्यानं बघत राहायचं, हे कुमासीत शोभत नाही. म्हणून पाना आमोआकोच्या हातात होता. त्याला बदललेल्या चाकाचे नट आवळता येत नव्हते, एवढीच अडचण होती.

“एक नट पुरता आवळायचा, मग शेजारचा. असंच ना?”

मावशींनी डोळे मिटून घेतले. “याआधीचे सगळे इथेच अडकले.”

“मग सांगा ना, मावशी!”

“काढ सगळे. आता पाचही नट नुसत्या बोटांनी बसव. बोटांनी फिरत नाही तो वाकडा बसलाय समज. त्याच्यावर मर्दुमकी दाखवायची नाही.”

“थोडं तेल लावू?”

“तेल केळ्यांना. नटांना नाही.”

रस्त्याकडेला केळी भाजणारी बाई खदखदून हसली. “मावशी, हा पास होतोय का?”

“बघू,” मावशी म्हणाल्या.

आमोआकोनं शर्टाच्या खिशातलं लाल पेन आत ढकललं आणि पुन्हा पाना उचलला.

“हलक्या हातानं. आणि शेजारच्या नटावर जायचं नाही. एक सोडून पुढचा.”

“का?”

“शेजारी-शेजारी आवळलेस तर चाक एका बाजूनं बसतं आणि दुसऱ्या बाजूनं रुसून राहतं. आपला झेंडा कधी बघितला नाहीस? त्यावरची चांदणी काढ. पाच टोकं, पाच नट.”

आमोआकोनं आधी हवेत बोटानं चांदणी काढली. मग पान्यानं चाकावर. त्याचा चेहरा उजळला.

“मावशी! आठ वर्षं शाळेत ही चांदणी काढली. ती कशासाठी असते ते कुणी सांगितलंच नाही!”

“शिक्षकांना तरी कुठे माहीत असतं. उतरव जॅक. चाक जमिनीला टेकल्याशिवाय शेवटचा जोर लावायचा नाही.”

मावशींनी हँडबॅग उघडली. बाकीच्या बायका बॅगेत आरसा ठेवतात. मावशींच्या बॅगेतून हातभर लांब टॉर्क पाना निघाला.

“बत्तीस वर्षं टायरचं दुकान चालवलंय मी. नट पुरता आवळला की हा ‘कट्’ म्हणतो, मग थांबायचं. वर आणखी एक झटका द्यायचा नाही. तेवढ्यानंच नट मरतात.”

कट्. एक सोडून पुढचा. कट्. चौथ्या नटाला केळीवालीही मोजायला लागली. पाचव्याला तिनं टाळ्या पिटल्या आणि दोघांच्या हातात एकेक गरम केळं आणि मूठभर शेंगदाणे ठेवले. आमोआको चाकाभोवती अर्धी गिरकी घेऊन नाचला, टायसकट.

“पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासायचे,” मावशी म्हणाल्या. “विसरशील.”

“जन्मात विसरणार नाही!”

“मग झालास पास.”

दोघं गाडीत बसले. मावशी डावीकडे, आमोआको उजवीकडे. दोघांनी केळी संपवली.

मग आमोआकोनं सीटखालून परीक्षेचा कागद काढला, लाल पेनानं ‘उत्तीर्ण’ लिहिलं, झोकात सही केली आणि कागद मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो बॅगेत टॉर्क पान्याशेजारी नीट ठेवला आणि डावीकडच्या स्टिअरिंगखालची गाडीची किल्ली फिरवली. “तू त्यातल्या त्यात हुशार,” त्या म्हणाल्या. “आधीच्या तिन्ही परीक्षकांना तर, असाच टायर फुटल्यावर, नट कुठल्या बाजूला फिरतो तेसुद्धा माहीत नव्हतं.”