सहाच्या सभेची बातमी

१९७८ साल. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या अक्काच्या हाती दुपारी चारला मजकूर आला: 'सायंकाळच्या सभेत कार्यकर्त्यांची आपसात हाणामारी, वक्ता जागीच ठार.' बोटं सवयीने चालत राहिली. शेवटची ओळ बसवल्यावर तिला भान आलं.

"अहो फोरमन, सभा तर सहाला आहे!"

"आपला पेपर सगळ्यांच्या पुढे असतो, अक्का," फोरमन मान खाली घालून म्हणाला. "वरून आलंय. गप्प राहा."

सभेतला वक्ता म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती शाईच्या हातांनीच घरी धावली. तो सदरा घालत होता.

"जाऊ नकोस रे, मारणार आहेत तुला."

"पेपरात आलंय का तसं?" तो हसला.

"उद्या येणार आहे."

त्याला आत ढकलून तिने बाहेरून कुलूप लावलं आणि पोलीस चौकी गाठली.

सभेत तो सापडला नाही, म्हणून मारेकरी घरी आले. कुलुपामुळे त्याला पळताही आलं नाही. अक्का परतली तेव्हा दार कुऱ्हाडीने फोडलेलं होतं आणि भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं.

तिने जुळवलेली बातमी सकाळी एक शब्दही न बदलता छापून आली.

पुढे संपादक मंत्री झाले, फोरमन दारूपायी गेला. वाचक तुटत तुटत पेपरही बंद पडला.

अक्का आता ऐंशीची आहे. नातलग भेटले की अजून हळहळतात,

"त्या सभेला जायलाच नको होतं गं त्याने."