बसा, वाढते

"डिस्क गेल्यात जमा आहे काका," सोमनाथ म्हणाला. "आतलं काय काय काढायचंय ते सांगा."

"एक गेम आहे," शेखर म्हणाला.

संगणक दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या सोमनाथने हसू दाबलं. समोर पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पंचवटीतून एम. जी. रोडपर्यंत स्कूटरवर पायांत धरून तो जुनाट सीपीयू आणलेला. आणि हवं काय, तर गेम. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, की हल्ली गेमला काही तोटा नाही, मोबाइलवर हवे तेवढे फुकट मिळतात. शेखरने मान हलवली. त्याला हाच हवा होता.

खेळाचं नाव 'काठाकाठाने'. गंगापूर रोडवरच्या चार पोरांनी हौसेने केलेला, अस्सल मराठीत. एक वाटसरू गोदावरीच्या काठाने समुद्राकडे निघतो. वाटेत नावाडी भेटतात, चोर भेटतात, कोडी सोडवावी लागतात. खेळ काही चालला नाही. पोरं नोकऱ्यांना लागली आणि तो बाजारातून नाहीसा झाला. शेखरच्या संगणकात तेवढा उरला होता.

तो त्याने कधीच संपवला होता. तरी रोज संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू. चोर कुठल्या झाडामागे आहे ते ठाऊक, कोड्यांची उत्तरं तोंडपाठ. धाकटी बहीण वेदिका एकदा वैतागून म्हणाली होती, की अरे दादा, शेवट काय बदलणार आहे का?

"शेवटासाठी कोण खेळतंय," असं तो तिला म्हणाला होता.

आता सोमनाथनेही तेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. एवढं काय आहे त्यात?

"आवाज आहे," शेखर म्हणाला. "बायकोचा."

नदीच्या दुसऱ्या वळणावर एक खानावळ लागते. तिथली बाई म्हणते, "आलात? पाय धुवा. थकला असाल." तो आवाज उज्वलाचा. त्या पोरांना घरगुती आवाज हवा होता, आणि त्यांच्यातल्या एकाची आई उज्वलाच्या भजनी मंडळात होती. भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बसून तिने सगळी वाक्यं म्हटली आणि पुढे महिनाभर मिरवलं. शेखरने तिची यथेच्छ थट्टा केली. त्याचा स्वभावच तसा. चारचौघांत बायकोची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

मग वेदिकाच्या मुलाचं बारसं झालं. पाळण्याची दोरी हातात घेऊन उज्वला पाळणा म्हणत होती, कडव्यामागून कडवं, डोळे मिटून. त्या दोघांना स्वतःचं मूल नव्हतं. शेखर मागून मोठ्याने म्हणाला, "बास आता. बाळ केव्हाच झोपलं, आता पाहुणे झोपतील." सगळा हॉल हसला. उज्वलाही हसली, आणि पाळणा अर्धा सोडून बाजूला झाली.

त्यानंतर तिचा आवाज त्याच्या वाट्याला आला नाही.

आपलं चुकलं हे त्याला घरी परततानाच कळलं होतं. तसं म्हणायचंही मनात होतं. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता ते राहून गेलं, आणि मग फार उशीर झाला असं त्याला वाटू लागलं. तेव्हापासून संध्याकाळ झाली की घर त्याला खायला उठे. त्या आवाजात कोणीतरी आपल्याशी दोन शब्द बोलावेत, एवढंच त्याला हवं होतं. ते आता या बिघडलेल्या डबड्यात अडकले होते.

सोमनाथचा चेहरा उतरला होता. "किती वर्षं झाली?" त्याने हळूच विचारलं.

"चार होतील."

सोमनाथने सांगितलं, की त्याच्या फोनमध्ये वडिलांचा एक निरोप आहे. भाजी आणायचाच आहे, पण शेवटचा. फोन बदलला की तो आधी तेवढा नव्या फोनात घेतो. शेखरने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. गप्प राहणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"उद्या या काका," सोमनाथ म्हणाला. "काहीही करून काढतो."

आणि त्याने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी शेखर ऑफिसातून परस्पर दुकानात गेला आणि दिवेलागणीला सीपीयू घेऊन घरी पोचला. दार नुसतं लोटलेलं होतं. संगणकाचं टेबल पुसलेलं होतं, कोपऱ्यात कपभर चहा झाकून ठेवलेला होता. चहा एका घोटात संपवून त्याने वायरी जोडल्या.

वाटसरू निघाला. चोराला चुकवलं, कोडी सुटली, नावाड्याने पार उतरवलं. पहिलं वळण गेलं, दुसरं आलं. शेखरने आवाज वाढवला.

"आलात? पाय धुवा. थकला असाल."

शेखरच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे काय होतं ते त्याला पाठ होतं. पाय धुताना वाटसरूच्या हातून बाईची घागर फुटते. मग पडद्यावर दोन ओळी येतात, 'गुपचूप निघून जा' आणि 'माझं चुकलं म्हण'. एक निवडायची. शेखरने रोजच्यासारखी दुसरी निवडली. एक बटण दाबायचं, इतकं ते सोपं होतं.

"असू द्या हो," उज्वलाचा आवाज म्हणाला. "एका घागरीचं काय घेऊन बसलात? बसा, वाढते."

खेळ तिथेच थांबवून तो नुसता बसून राहिला. मागे बांगड्या वाजल्या. उज्वलाने वाढलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं, चहाचा रिकामा कप उचलला, आणि गेली चार वर्षं जाते तशीच, एक अक्षर न बोलता, ती आत निघून गेली.