उघडा माइक

कुणालने टीव्हीवर गेम लावला, तशी निरुपमा त्याच्या शेजारी मांडी ठोकून बसली आणि दुसरा रिमोट मागू लागली. बडोद्याहून डभोईला भावाकडे आलं की भाच्याबरोबर गाड्यांची एक तरी शर्यत खेळायची, हा तिचा नेमच होता. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर कुणालची गाडी, खाली आत्याची. आत्याची दर वळणाला शेतात घुसायची आणि दोघं खिदळत बसायची.

"आत्या, गेमच्या नव्या भागात ते काढून टाकलंय," कुणाल म्हणाला. "आता सगळं ऑनलाइन. ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायचं."

म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाने नुसतं बघायचं. निरुपमाला हे मुळीच पटलं नाही. कुणालने तिला समजावलं, की पडद्यावरच्या सगळ्या गाड्या खऱ्या माणसांच्या आहेत, आणि नेट अडखळू नये म्हणून गेम जवळपासचीच माणसं जोडतो. हे बहुतेक बडोदा, आणंद, भरूचकडचे असणार. ते बोलतातही, पण शिव्याच फार देतात, म्हणून त्याने त्यांचा आवाज बंद करून टाकला होता.

खेळायला मिळेना, मग निरुपमाने तोंड चालू केलं. ते बंद ठेवणं तिला जन्मात जमलेलं नाही. दीप्तीवहिनी स्वयंपाकघरात होत्या, त्यांचा मिक्सर घरघरत होता, म्हणून ही सोफ्यावरूनच मोठ्याने बोलत राहिली. वहिनींना लोणचं पाठवायला नव्या घराचा पत्ता हवा होता. तो हिने दोनदा सांगितला, मांजलपूर, सोसायटीचं नाव, घराचा नंबर, समोरची पाण्याची टाकी. मग ओघाने बाकीचंही आलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणालाच खिळल्यात. नवरा दुपारच्या पाळीला रिफायनरीत गेलाय, त्यामुळे आज त्या घरी एकट्याच. बाहेरून कुलूप लावलंय आणि संध्याकाळच्या कामवालीसाठी किल्ली दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, ह्यांच्या जुन्या सेफ्टी बुटात टाकलीय. त्या बुटात हात घालायची चोराचीसुद्धा छाती होणार नाही, असा वास मारतो मेला. लेकीच्या, सानवीच्या लग्नाचे दागिने कालच लॉकरमधून आणले, ते तांदळाच्या डब्यात आहेत.

वहिनींनी तिला अडवलं नाही. अडवतील तरी कशाला? बडोद्याच्या मराठी माणसाची ही जन्माची खोड आहे. साडीचा भाव जास्त वाटला, रिक्षात बसून कुणाची उणीदुणी काढायची झाली, की गुजराती थांबवायची आणि मराठी सुरू करायची. दांडिया बाजारात ही युक्ती चालत नाही, तिथला भाजीवालाही मराठीत उलट उत्तर देतो. एरवी मात्र कुठेही खुशाल बोलावं. आणि इथे तर आपल्याच घरात बसलोय.

गप्पा लग्नाच्या खरेदीपर्यंत पोचल्या तेव्हा कुठे मिक्सर थांबला. पडद्यावर एक निळी गाडी पुन्हा पुन्हा कुणालच्या गाडीपुढे आडवी येऊन थांबत होती. शर्यत सोडून हा हे काय करतोय, असं म्हणत कुणालने वैतागून आवाज चालू केला.

"काकू, आधी बोलणं थांबवा," टीव्हीतून एक पुरुष म्हणाला. स्वच्छ मराठीत. "तुमचं सगळं ऐकू येतंय. रिमोटचा माइक उघडा आहे."

कुणाल रिमोट उलटासुलटा करून बघायला लागला. कानाला हेडफोन लावल्याशिवाय आपला आवाज बाहेर जातच नाही, असं तो समजून चालला होता. रिमोटलाच माइक असतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

निळ्या गाडीवाला आणंदचा निघाला. मगापासून तो हाका मारत होता. ऐकणारा आपण एकटा नव्हतो, असं त्याने सांगितलं. काकू त्या बुटाचं बोलल्या तेव्हा दुसरंही कुणीतरी हसलं होतं, नेमक्या हसायच्या जागी. दागिन्यांचं ऐकल्यावर तो माणूस शर्यत अर्धवट टाकून निघून गेला. त्याला अर्धा तास तरी झाला असेल.

निरुपमाचं घर इथून तासाभराच्या वाटेवर. नवऱ्याचा मोबाइल रिफायनरीच्या गेटवर जमा. नव्या शेजाऱ्यांचा नंबर आज घेऊ, उद्या घेऊ म्हणता म्हणता राहूनच गेलेला. कुणालने पोलिसांना फोन लावला आणि तो पत्ता सांगू लागला. मघाशी तोच पत्ता तिने दोनदा मोठ्याने सांगितला होता. तिने सासूबाईंना फोन लावला. येसूबाईंचा फोन उशाशीच असतो, तरी तो नुसता वाजत राहिला. तिने डोळे मिटून देवाला हात जोडले. दागिने गेले तर जाऊ देत, म्हातारीला हात लावू नकोस रे बाबा, एवढंच ती मनात घोकत होती.

फोन उचलला गेला. येसूबाई चांगल्या खुशीत होत्या. निरुपमाने त्यांना ओरडून सांगितलं, की आई, दाराशी कोणी आलं तर ओ देऊ नका.

"दाराशी कशाला? आत आलाय तो," येसूबाई म्हणाल्या. "मला पाणी दिलं, उशी सारखी केली. आता स्वयंपाकघरात काहीतरी शोधतोय."

"कोण आहे तो?" निरुपमाने विचारलं.

"नाव नाही बाई विचारलं. पण तू कशाला घाबरतेस?" येसूबाई म्हणाल्या. "मराठी बोलतोय. आपल्यातलाच आहे कोणीतरी."