शेजारी न्यायचा चहा

केशरकाकूंच्या फाटकाशी चपलांचा ढीग दिसला आणि प्रणालीने सायकलचा ब्रेक करकचून दाबला.

शनिवारची शाळा सुटून ती घरी येत होती. काकूंच्या ओसरीवर गल्लीतल्या साऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. पुरुष अंगणात खुर्च्यांवर, माना खाली. दोघी-तिघी कुजबुजत होत्या, त्याही तिला पाहून गप्प झाल्या.

मनकर्णाआजी गेल्या वाटतं, प्रणालीच्या मनात आलं. केशरकाकूंच्या सासूबाई दिवाळीपासून खाटेवरच होत्या.

तिने शेजारच्या आपल्या अंगणात सायकल लावली, कुलूप उघडलं. घरात कुणी नव्हतं. सकाळी ती वेणी घालत होती तेव्हाच आई घाईघाईने निघाली होती. "अकोल्याले जाऊन येतो. संध्याकाळी बाबाले घेऊनच येतो. आन् तुहा मोबाइल दे, माहा बंद पडला."

बाबा अकोल्याला नोकरीला होते. दर शनिवारी अमरावतीला यायचे, ते पण एकटे. त्यांना आणायला आई गेली याचं प्रणालीला हसूच आलं होतं. बाबा काय बालवाडीत आहेत?

पण आता प्रश्न वेगळा होता. ज्या घरचं माणूस जातं, त्या घरी चूल पेटत नाही. चहा शेजारच्यांनी न्यायचा असतो. गल्लीत आजवर तो आईच न्यायची. आज आई नाही म्हणून काय झालं? नववीतली धडधाकट मुलगी आहे की घरात!

दुधाचा चहा तिने बाद केला. रडून रडून सगळ्यांची डोकी ठणकत असतील. त्यापेक्षा गवती चहा. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या पोटात गोळा यायचा, तेव्हा बाबा तोच करून द्यायचे. अंगणातल्या डब्यातली पाती कापून त्यांची गाठ मारायची, म्हणजे गाळायची कटकट नाही. पाणी खदखदलं की गॅस बंद. मग पाती, तुळस, चिमूटभर बडीशेप, आणि वरून झाकण. झाकण उघडून पाहायचं नाही! एवढ्या मोठ्या पातेल्याचा अंदाज तिला नव्हता, पण वास अगदी बरोबर आला. बाबा आले की त्यांना सांगायचं, तिने ठरवलं.

किटली आणि कप घेऊन ती काकूंच्या ओसरीवर चढली.

"काय आणलं वं?" गल्लीतल्या जमुनाबाईंनी विचारलं.

"गवती चहा, काकू. यानं जीव शांत होते. घ्या न."

जमुनाबाईंनी केशरकाकूंकडे पाहिलं. केशरकाकूंनी मान फिरवली. कुणाचाच हात पुढे येईना. साखर विसरली की काय? प्रणाली गोंधळली. ती आतल्या खोलीत गेली, आणि दारातच थबकली.

खाटेवर मनकर्णाआजी बसल्या होत्या. चांगल्या जिवंत.

"आजी! तुमी..." तिने जीभ चावली. "तुमी चहा घेता?"

"दे माय." आजींनी कपाऐवजी तिचं मनगटच धरलं. "मले काय होते? मले नेत नाही तो. ज्याले नेऊ नये त्यालेच नेते."

मग कोण? काकूंचे यजमान, देवीदासकाका? तेवढ्यात देवीदासकाकाच फोनवर बोलत आत आले. "मूर्तिजापूर सोडलं? बरं, बरं. आमी आहोच इथं." प्रणाली दिसली तसा त्यांनी फोन खिशात घातला आणि आल्या पावली बाहेर गेले.

मूर्तिजापूर. म्हणजे गेलेल्या माणसाला घेऊन गाडी अकोल्याहून येत होती. आणि काकूंचा मुलगा गोपाल अकोल्यालाच शिकायला होता.

गोपालदादा? मागच्या रविवारी तर त्याने तिला स्कूटी शिकवली होती. तिने ती सरळ विजेच्या खांबाला नेऊन लावली, तेव्हा तो पोट धरून हसला होता. "खांबानंच साइड द्याले पायजे होती न तुले!"

बाहेर येऊन ती केशरकाकूंच्या पुढ्यात बसली. तिने कप भरला.

"काकू, घोटभर घ्या. मी आहो न. आई येईपर्यंत मी बसतो तुमच्यापाशी."

काकूंनी तिला ओढून छातीशी धरलं. अर्धा चहा लुगड्यावर सांडला. "काहून वं पोरी? तू काहून आमाले समजावून राहिली?"

"मंग कोण समजावीन? शेजारी कायले असतात?"

जमुनाबाई एकदम हुंदका देऊन रडल्या. मग काकूंनी कप तोंडाला लावला. त्यांचं पाहून साऱ्यांनीच घेतला, अंगणातल्या पुरुषांनीही. कुणी नाही म्हटलं नाही. प्रणाली किटली घेऊन एकेकापाशी जात होती, आणि ज्याच्यापाशी जाई तो तिच्या डोक्यावर हात ठेवत होता. तिला जरा बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

कोपऱ्यावरून गाडीचा भोंगा आला. सगळे उठले.

प्रणालीने किटली खाली ठेवली आणि केशरकाकूंचा दंड घट्ट धरला. त्या कोसळल्या तर सावरायला नको का कुणी?

पांढरी अँब्युलन्स हळूहळू गल्लीत शिरली. काकूंच्या फाटकापुढून ती तशीच पुढे गेली आणि शेजारच्या फाटकाशी थांबली. पुढचं दार उघडून गोपालदादा उतरला. त्याने हात धरून प्रणालीच्या आईला खाली घेतलं.