लापोची गाडी

“आज मी लापोची गाडी घेतो,” एर्मेस गार्दिनी म्हणाला, आणि गॅरेजमधल्या पाच-सहा माणसांचे हात जागच्या जागी थांबले.

इटलीतल्या इमोलाच्या ट्रॅकवर त्या दिवशी शर्यत नव्हती, नुसती टायरची चाचणी होती. संघाच्या मालकीणबाई नॉर्मा झानेल्ली कॉफी पीत उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

“का? तुझ्या गाडीला काय झालंय?”

“काही नाही. तेच तर म्हणतोय.”

एर्मेस दोन वेळचा जगज्जेता. सहा वर्षं घरी बसून एक्केचाळिसाव्या वर्षी तो परतला होता, तोही झानेल्लींच्या संघात. हा संघ कधी जिंकत नसे आणि कधी शेवटचाही येत नसे. म्हातारा हसं करून घेणार, असं सगळे म्हणाले. पण पाच शर्यती झाल्या आणि पाचही वेळा तो आपल्या जोडीदाराच्या, चोवीस वर्षांच्या लापो फेर्रान्तेच्या पुढे आला. एकदा तर चक्क पाचवा. त्याच्या नावाच्या टोप्या पुन्हा लोकांच्या डोक्यावर दिसू लागल्या.

एर्मेसला मात्र यातलं काहीच खरं वाटत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी जुन्या संघातल्या निरोपाच्या शर्यतीत तो तिसरा आला होता. सगळ्यांसमोर रडला होता, बायकोला उचलून घेतलं होतं. आठवड्याने पेपरात आलं की त्याच्या तेव्हाच्या जोडीदाराला गाडीतल्या रेडिओवरून हुकूम होता, ‘म्हाताऱ्याला पुढे जाऊ दे.’ तेव्हापासून कुणी पाठ थोपटली की तो आधी त्या माणसाचा चेहरा तपासायचा.

आणि इथले चेहरे बरे नव्हते. तो गॅरेजमध्ये शिरला की बोलणं बंद व्हायचं. लापोची गाडी उघडली की मधला पडदा ओढला जायचा. मुख्य मेकॅनिक ओरेस्तेने एर्मेसला लहानपणापासून पाहिलेलं; तोही हल्ली त्याच्याशी बुटांकडे बघत बोलायचा. नॉर्माबाई दिवसभर साऱ्या संघावर ओरडत असत, एर्मेसवर एकदाही नाही. त्याने मनाशी पक्कं केलं होतं. चांगली गाडी आपल्याला, रद्दी त्या पोराला. टोप्या खपायला हव्यात ना!

लापो पांढरा पडला होता. “माझी गाडी नको,” तो म्हणाला. “प्लीज, एर्मेस.”

“का रे? लाज वाटते तिची?”



“सीट बदलण्यात तास जाईल,” नॉर्माबाई म्हणाल्या.

“जाऊ दे. मला घाई नाही.”

सकाळी स्वतःच्या गाडीत त्याची सर्वांत जलद फेरी एक मिनिट अठरा सेकंदांची झाली होती. लापोच्या गाडीत तीच फेरी एक मिनिट एकोणीस सेकंदांच्या पुढे गेली, की सगळं उघडं पडणार होतं. मग तो हातमोजे काढून सरळ घरी जाणार होता, कायमचा. तसं त्याने बायकोला फोन करून सांगूनही ठेवलं होतं.

पहिली फेरी टायर तापवण्यात गेली. दुसऱ्या फेरीत तोझा नावाचं डावं वळण आलं. तिथून बाहेर पडताना त्याच्या गाडीची मागची चाकं सकाळी दर फेरीला घसरत होती. हिची घसरली नाहीत. त्याला वाटलं, आपण हळू आलो असू. तिसऱ्या फेरीत तो मुद्दाम जोरात आला. तरी नाही. चौथ्या फेरीनंतर तो आत आला आणि हेल्मेट न काढताच ओरडला, “किती?”

ओरेस्तेने पाटी वळवून दाखवली. एक मिनिट सतरा पूर्णांक दोन सेकंद.

“पेट्रोल कमी भरलंस?”

“सकाळच्याएवढंच.”

“टायर?”

“तेच. बघून घे.”

एर्मेस गाडीतून उतरला. “घड्याळ तुमचं, पाटी तुमची! आता आणखी कसली सोय करून ठेवलीत माझी? माझ्या आईच्या हातचं जेवलायस तू, म्हाताऱ्या. खरं सांग.”

ओरेस्तेने नॉर्माबाईंकडे पाहिलं. पण बोलला लापो.

“नवं सस्पेन्शन आहे तिला. पहिल्या शर्यतीपासून. एकच तयार झालं होतं.”

“आणि ते तुला दिलं?”

“मला.” लापो म्हणाला. “इथे सगळ्यांना माहीत होतं. तरी मी तुमच्या मागेच. पाचही वेळा.”

एर्मेसच्या रागाचे किस्से सगळ्यांनी ऐकले होते. दोघा मेकॅनिकांनी हळूच हातोड्या त्याच्यापासून लांब सरकवल्या.

“आम्हाला वाटलं, तू चार फोटो काढून घेशील आणि चार शर्यतींत दमशील,” नॉर्माबाई म्हणाल्या. “असल्या माणसावर चांगलं सामान कशाला घालवायचं? निर्णय माझा होता. आता शिव्या घाल, वकील आण, काय ते कर.”

एर्मेस टायरच्या चळतीवर बसला.

“म्हणजे मला कुणी मुद्दाम पुढे जाऊ दिलं नाही?”

“नाही.”

“कुणी मदतसुद्धा केली नाही?”

“मदत?” नॉर्माबाईंचा आवाज एकदम चढला. “अरे गाढवा, आम्ही तुला पाडायलाच बसलो होतो!”

सहा वर्षांत पहिल्यांदाच एर्मेसला कुणाचं तरी बोलणं खरं वाटलं.